प्लगवरचं कुंकू

"त्या दिवशी तुला अडचण होती का? महिन्याची?"

सरांनी मला हे विचारलं ते गॅरेजच्या तोंडाशी उभं राहून. सकाळचे अकरा वाजलेले. औसा रोडवर गर्दी. चहावाला गिलास घेऊन आलेला. शेजारच्या टायरच्या दुकानातले दोघं भिंतीला टेकलेले. एक गिऱ्हाईक आपली गाडी न्यायला आलेलं. आन् आमचे उस्ताद, गॅरेजचे मालक. सगळ्यांनी ऐकलं.

मी दुसऱ्या एका गाडीच्या बोनेटमध्ये वाकलेली होते. सरळ झाले. हातात पाना.

"मी काय विचारायलो? खंडेनवमीला माझ्या गाडीचे प्लग तूच बसवलेस ना?"

"हाव सर."

"मग सांग. होती का नव्हती?"

उस्ताद मधी पडले, "सर, अंदर बैठो, चाय लो." सर बसले न्हाईत. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणले, "आडनाव काय तुझं?"

मी सांगितलं.

"अच्छा," म्हणले.

तो अच्छा मला चांगला ठाऊक हाय. शाळेत ऐकला, आयटीआयच्या ऑफिसात ऐकला, लातूरला खोली बघायला गेले तवा तीन घरी ऐकला. आडनाव ऐकल्यावर माणसं दोन प्रकारची होतात. एक लगेच गप होतात. दुसरे अच्छा म्हणतात.

मग सर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत बसले. काल दसरा. आईला, बायकोला, दोन्ही पोरांना घेऊन उदगीरकडं गावी निघाले होते. सोनं द्यायला. अर्ध्या रस्त्यात गाडी झटके मारायला लागली आन् बंदच पडली. दिवस मावळला तरी निघेना. आई रस्त्याच्या कडेला आपट्याची पानं पदरात घेऊन रडत बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दसऱ्याला गाव गाठता आलं न्हाई. आज सकाळी गाडी ओढून इथं आणली. "आन् प्लग काय साधे होते का? देवापुढं ठेवून पूजा केलेले होते. ते असे बंद पडतात म्हणजे कुठंतरी विटाळ झाला," म्हणले.

हे सर कोण, तर बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतात. लातुरात त्यांचा स्वतःचा क्लास हाय. नांदेडहून, परभणीहून पोरं येऊन खोल्या करून राहतात आन् त्यांच्याकडून करंट म्हणजे काय ते शिकतात. अशा माणसानं मला विचारलं, तुला अडचण होती का.

आता जे सांगायलेय ते सांगायची मला लाज वाटते. पण तेच सांगायचं हाय म्हणून तर बसलेय.

मी मनातल्या मनात दिवस मोजले. पाना हातात तसाच, आन् बोटाच्या पेरावर अंगठा. आज चौथा. काल तिसरा. खंडेनवमीला दुसरा. मला वाटलं, असंल. माझ्याच हातानं झालं असंल. दोन वर्षं आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केलेली मी. वर्गात एकटी बाई. इग्निशनच्या पेपरात पहिली आलेली मी. एका मिनिटात सगळं पुसलं गेलं आन् मी दिवस मोजत उभी राहिले.

सरांनी केलेला अपमान एक. हा मी माझा केलेला दुसरा. दुसरा जास्त लागला.

*

मी कंधार तालुक्यातली. गावाचं नाव सांगून काही उपयोग न्हाई, वस्तीचं सांगितलं की पुरे. आम्ही मातंग. बाप हलगी वाजवायचा, आता गुडघे गेलेत. माय शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधते. भाऊ पुण्याला. मी नांदेडला आयटीआय केलं. कामून केलं, तर मला इंजिनाचा आवाज आवडायचा, दुसरं कारण न्हाई. शिकून बाहेर पडले तर नांदेडात कुणी कामाला घेईना. एक म्हणला, रिसेप्शनला बस. एक म्हणला, बिलं फाड. लातूरला मावशी राहते, तिच्याकडं आले आन् औसा रोडवरची सगळी गॅरेजं पायी फिरले. उस्तादांनी एक बंद गाडी दाखवली आन् म्हणले, "बोल, क्या हुआ इसको?"

मी चारी प्लग काढले. लाकडाच्या एका फळीला चार भोकं होती, त्यात ओळीनं लावले. एक, दोन, तीन, चार. ओळ मोडायची न्हाई. कोणता प्लग कोणत्या घरातला, म्हणजे कोणत्या सिलिंडरचा, हे चुकलं की सगळंच चुकलं. मग एकेकाचं टोक बघितलं. दोघांचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. ते ठीक. एक कोरडा काळा, काजळी धरलेला, म्हणजे पेट्रोल जास्त जायलंय. चौथा ओला, तेलकट. मी म्हणलं, "उस्ताद, चौथ्यात ऑइल वर येऊन राहिलंय. रिंगा गेल्यात न्हाईतर व्हॉल्व्हचं सील. प्लग बदलून काही होणार न्हाई."

उस्तादांनी फळी हातात घेतली, उजेडात धरली. म्हणले, "कल से आ जा."

उस्ताद चांगला माणूस. मी आधीच सांगते, न्हाईतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या द्याल. साठीचे आहेत, चाळीस वर्षं हेच काम. मला बेटा म्हणतात. शिकवताना हातचं राखलं न्हाई. फक्त एक रीत पाडली. गाडी आली की गिऱ्हाईक पुढं खुर्चीत बसणार. मी मागं पत्र्याच्या आड गाडी खोलणार. दोष मी काढणार. मग उस्ताद पुढं जाऊन गिऱ्हाइकाला सांगणार, "साब, मैंने देखा, ऐसा ऐसा है." माझं नाव न्हाई. मी विचारलं होतं एकदा. म्हणले, "बेटा, लोगां को भरोसा नहीं होता. काम तेरा, जबान मेरी."

तीन वर्षं मी हे मान्य केलं. मला वाटायचं, काम तर मिळतंय ना. हातात प्लग तर हाय ना. पुढं कोण बोललं त्यानं काय बिघडतं. लई बिघडतं, पण ते मला उशिरा कळलं.

*

खंडेनवमीच्या दिवशी सर दुपारी आले. सोबत नव्या प्लगांचा खोका. नवं लोखंड गाडीत जाण्याआधी त्याची पूजा व्हायला पाहिजे, अशी त्यांच्या घरची रीत. शेतकरी माणसं, पूर्वी नांगराच्या फाळाची करत असतील, आता गाडीच्या सामानाची करतात. त्यात वाईट काही न्हाई. आमच्या घरी माय कोयत्याची करते.

खोका मागं माझ्याकडं आला. मी उघडला. चारी प्लगांच्या पांढऱ्या अंगावर कुंकवाची बोटं ओढलेली. ओलं कुंकू, पाण्यात कालवलेलं, वर तेलाचा थेंब. एकेका प्लगला चांगली दोन-दोन बोटं, वरच्या टोपीपासून खालच्या लोखंडापर्यंत.

आता प्लगचं ते पांढरं अंग असतं चिनीमातीचं. ते कशाला असतं? करंट मधल्या तारेतनं खाली जावा, बाहेर पळू नये म्हणून. ते कोरडं, स्वच्छ पाहिजे. तिथं ओल असली, मळ असला, तेल असलं, की करंटला बाहेरनं वाट मिळते. ठिणगी आत पडायच्या ऐवजी बाहेरच्या बाहेर निसटते. हे मला झोपेतबी सांगता येतं.

मी फडकं घेतलं. पुसणार इतक्यात सर मागं डोकावले. म्हणले, "ए, पुसू नको ते. पूजेचं आहे. तसंच बसव."

मी उस्तादांकडं गेले. हळूच म्हणलं, "उस्ताद, कुंकू पुसावं लागतंय. करंट लीक होईल."

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं. म्हणले, "लगा दे. जैसा है वैसा."

आन् मी बसवले. चारी. कुंकवासकट. वरनं करंटच्या तारांच्या रबराच्या कॅपा दाबल्या. गाडी चालू झाली, आवाज छान आला. कुंकू अजून नवं होतं, करंटला वाट पडली न्हवती. सर गेले. मी हात धुतले आन् डबा खायला बसले.

मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं आन् मी बसवले.

*

म्हणजे सर जवा विचारत होते, अडचण होती का, तवा माझ्याकडं उत्तर होतं. सरळ, आयटीआयच्या पुस्तकातलं. पण तोंड उघडलं न्हाई. शरीराचा विषय निघाला आन् मी शाळेतली पोर झाले, खाली मान घालून बसणारी.

उस्ताद म्हणले, "सर, मैं खुद करता. अपने हाथ से." त्यांनी प्लग काढले, भंगाराच्या डब्यात टाकले, दुसरे बसवले. कॅपा वरवर पुसल्या. मला म्हणले, "तू घर जा." जाताना मागनं सरांचा आवाज आला. "चाचा, यापुढं लक्ष ठेवा. असल्या दिवशी हात लावू देऊ नका. आमच्या गाड्या आहेत."

उस्ताद म्हणले, "जी सर."

दुसऱ्या दिवशी कामावर आले तर उस्तादांनी नवी रीत सांगितली. माझ्याकडं न बघता, पान्याला तेल लावत. "बेटा, बोलने में शरम आती. तू ऐसा कर. वो दिन रहे तो डांगरी बाहर के खिळे को टांग. मैं समझ जाऊंगा. उस दिन इंजिन को हात मत लगा. टायर देख, धुलाई देख."

माझी डांगरी म्हणजे कामावरचा निळा पोशाख, आत पत्र्याला एक खुंटी होती तिथं असायची. आता बाहेर दाराच्या चौकटीला त्यांनी एक खिळा ठोकला होता. एकट्या डांगरीसाठी.

त्यांना वाटलं, माझी लाज राखली. तोंडानं सांगायला नको. पण आठ दिवसांत अख्ख्या गल्लीला त्या खिळ्याचा अर्थ कळला. चहावाल्याला कळला. टायरवाल्याला कळला. माझ्या मायला जे सांगायला मी लाजले असते ते औसा रोडला दिसणार होतं. टायरवाल्यातला एक जण मला विचारतो कसा, "काय बाई, या महिन्यात कधी सुट्टी?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात मी तोवर लई हुशार झाले होते.

उस्तादांनी खिळ्याचं सांगितलं त्याच दिवशी सांजच्याला भंगाराच्या डब्यातनं ते चार प्लग मी काढले. कशाला काढले काय माहीत. हाताला चैन पडंना. फळीत ओळीनं लावले. टोकं बघितली. चारी बिस्किटाच्या रंगाची. म्हणजे इंजिन ठीक. पेट्रोल ठीक. आतमधी काहीच बिघाड न्हाई. मग वरचं पांढरं अंग बघितलं. कुंकवाचं बोट जिथनं ओढलेलं, बरोबर तिथनंच एक काळी रेघ. केसाइतकी बारीक. वरच्या टोपीपासून खालच्या लोखंडापर्यंत. नखानं खरवडली तरी जाईना. करंट त्या वाटेनं गेला आन् वाट भाजून ठेवली. तीन प्लगांना अशी रेघ. चौथ्याचं कुंकू कॅप दाबताना अर्ध्यातच पुसलं गेलं होतं, त्याला न्हाई.

मी प्लग घेऊन उस्तादांकडं गेले. दाखवलं. म्हणलं, "हे बघा. माझ्या हातानं न्हाई झालं."

उस्तादांनी बघितलंबी न्हाई. म्हणले, "मालूम है."

"मालूम है? कधीपासून?"

"निकाला तभीच देखा."

"मग सांगितलं कामून न्हाई सरांना?"

उस्तादांनी आधी रस्त्याकडं बघितलं. मग म्हणले, "बेटा, मैं बोलूं? मैं? के तुम्हारे कुंकू से गाडी बंद पडी? मेरेको इस रोड पे धंदा करना है."

मला त्यांचा राग आला आन् राग धरताबी येईना. त्यांचं खरं होतं. मुसलमान माणसाच्या तोंडून ते वाक्य निघालं असतं तर प्लग राहिला असता बाजूला. पण मग कुणावर तरी जायला पाहिजे होतं. उस्तादांवर जाऊ शकत न्हवतं, सरांवर जाऊ शकत न्हवतं, कुंकवावर तर न्हाईच न्हाई. राहिले मी. कोणी ठरवून केलं न्हाई. उताराला पाणी जातंय तसं माझ्यावर आलं.

मी म्हणलं, "रबराच्या कॅपा आतनं भाजल्या असतील उस्ताद. त्या बदलल्या न्हाईत तर गाडी परत येईल."

"आने दो," म्हणले. "तब देखेंगे."

*

दिवाळीला गावी गेले. कंधारला बसमधनं उतरले, तिथनं ऑटोनं. माय दारात बसून केरसुण्या बांधायली. दिवाळीच्या आधी आमच्या वस्तीत सगळ्यांचे हात तेच करत असतात, कारण लक्ष्मीपूजनाला घरोघर नवी केरसुणी लागते. तिला केरसुणी म्हणत न्हाईत त्या दिवशी. लक्ष्मी म्हणतात. पाटावर ठेवतात, हळदकुंकू वाहतात, पाया पडतात.

मी मायच्या शेजारी बसले. शिंदीची पानं विंचरून देऊ लागले. मग एकदम सगळं बोलले. सर, प्लग, खिळा, टायरवाला, सगळं. माय हात न थांबवता ऐकत होती. दोरी दातात धरलेली. दोरी आवळून झाली, गाठ मारली, मग बोलली.

"मला ती अडचण तुझ्या मामाच्या लग्नात पहिल्यांदा आली. तवापासनं मी ह्या बांधायलेय. बत्तीस-तेहतीस वर्षं. कोणता दिवस हाय म्हणून मला कुणी इचारलं न्हाई बग."

"कुणीच न्हाई?"

"कशाला इचारतील? इचारलं तर मग लक्ष्मी कुठनं आणतील? महिन्यातले चार दिवस मी हात बांधून बसले असते तर गावातल्या निम्म्या घरी दिवाळी झाली नसती." मग जरा थांबून म्हणली, "दारातनं लक्ष्मी घ्यायचे. मला दारातच उभी करायचे. हाताला हात लागू नये म्हणून वरनं पैसे टाकायचे. पण लक्ष्मी आत न्यायचे."

माय हसली. तिला ते हसण्यासारखं वाटलं असंल. मला न्हाई वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन बाजारात बसली. मी सोबत बसले. बायका येत होत्या, वाकवून वाकवून केरसुणी बघत होत्या, एक वाकडी निघाली तर परत ठेवत होत्या. एकीनंबी मायचा हात बघितला न्हाई. मला दिवस मोजायला लावणारे लोक इथं गप होते. ह्यांना जवा पाहिजे असतं तवा विटाळ नसतो. जवा कुणावर तरी ढकलायचं असतं तवाच असतो. इतकं सोपं हाय ते. इतकं सोपं कळायला मला सव्वीस वर्षं लागली, म्हणून मी माझ्यावरच चिडले. रात्री जेवले न्हाई. मायला वाटलं, माझं पोट दुखतंय.

*

दिवाळीनंतर थंडी पडली. सकाळी गाड्यांवर दव. ओल आली की दबलेला दोष वर येतो, हे मी उस्तादांना बोलले होते. आन् एक दिवस सकाळी सरांची गाडी आली. धडधडत, थरथरत, एक घर बंद पडलेलं. रस्त्यावरनंच आवाज ओळखला मी.

आन् त्या दिवशी माझा दुसरा दिवस होता.

सकाळी येऊन मी डांगरी अंगात घातलेली होती. बाहेरच्या खिळ्याला काही न्हवतं. उस्तादांना वाटलं, काही न्हाई. मी खोटं बोलले न्हाई. नुसती त्यांची रीत पाळली न्हाई.

सर खाली उतरले. घाईत होते, क्लासला जायचं होतं. म्हणले, "चाचा, हे काय? तुम्ही स्वतः केलेलं ना? परत तेच. सकाळी झटके मारायली, उन्हं वर आली की बरी होते."

उस्तादांनी बोनेट उघडलं. एकेक कॅप काढून बघू लागले. पहिली काढली, इंजिनाचा आवाज पडला. म्हणजे ते घर चालू. दुसरी काढली, आवाज पडला. तिसरी काढली, आवाजात काही फरक न्हाई. ते घर मेलेलं. प्लग बदलला. तेच. उस्तादांना कॅपा भाजल्याचं माहीत होतं. पण ते बोलायचं म्हणजे कशानं भाजल्या तेबी बोलावं लागणार. ते मागं आले, हळूच म्हणले, "बेटा, वो चाय पीने गये तो तू नई कॅपां डाल दे फटाफट. मैं बोलूंगा, प्लग खराब निकला था."

हीच ती जागा. इथं मी प्रत्येक वेळी हाव म्हणायची.

मी म्हणलं, "न्हाई."

"क्या?"

"सर असताना लावणार. सरांना दाखवून. मी सांगणार, तुम्ही न्हाई."

"बेटा, नौकरी करनी है ना?"

"करायची हाय. म्हणून तर."

मी पत्र्याच्या मागनं पुढं आले. शूर बिर काही न्हवते मी. ताडपत्री ओढली, बोनेटवर टाकली, आत अंधार झाला. इंजिन चालूच. फवाऱ्याच्या बाटलीनं कॅपांवर थोडं पाणी मारलं. मग ताडपत्रीचं एक टोक वर धरलं आन् म्हणलं, "सर, इकडं या. डोकं आत घाला. तिसऱ्या कॅपकडं बघा."

सर जागचे हलले न्हाईत. त्यांनी उस्तादांकडं बघितलं. मग मला तेच विचारलं. जरा हळू आवाजात, पण तेच. "आज काही... अडचण वगैरे नाही ना तुला?"

चहावाला होता. टायरवाल्याचे दोघं होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"हाय, सर. आज दुसरा दिवस हाय. खंडेनवमीलाबी दुसराच होता. ह्याच हातानं आता तुमची गाडी दुरुस्त होणार हाय. बघायचं तर बघा, न्हाई तर किल्ली घ्या."

नुसतं ते लंगडं इंजिन चालू.

सरांचा चेहरा लाल झाला. म्हणले, "बायकांनी असल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या असतात का?"

"चारचौघांत तुम्हीच विचारलं होतं, सर."

क्लासची वेळ होत आली होती. ते वाकले. माझ्यापासून हातभर लांब राहून, पण त्याच ताडपत्रीखाली डोकं घातलं. आत तिसऱ्या कॅपच्या बुडाशी निळी रेघ नाचायली. चट् चट् चट्. कॅपमधनं निघून सरळ लोखंडावर. मी म्हणलं, "ठिणगी आत पडायची ती बाहेर पळायली. कुंकू ओलं होतं, तेल होतं. चिनीमातीवरनं वाट झाली, तिथनं करंट गेला, प्लग भाजला, कॅप भाजली. प्लग बदलले, कॅपा राहिल्या. म्हणून परत आली. कुंकवाशी माझं वाकडं न्हाई, माझी मायबी लावते. पण ते प्लगला लावायचं न्हाई. हे मला बसवतानाच माहीत होतं. मी बोलले न्हाई, ती माझी चूक. तेवढीच माझी चूक हाय."

जुने प्लग मी कापडात बांधून ठेवले होते. ते त्यांच्या हातात दिले. काळ्या रेघा दाखवल्या. फिजिक्स शिकवणारा माणूस, त्यांना काय समजवायचं होतं? बघताक्षणी कळलं त्यांना. मला त्यांच्या डोळ्यांत ते दिसलं. ज्या गोष्टीवर ते पोरांकडून गणितं सोडवून घेतात तीच त्यांच्या तळहातावर होती.

त्यांनी प्लग फिरवून बघितला. मग उस्तादांकडं वळून म्हणले, "सरफेस लीकेज आहे चाचा. कॅपा सगळ्या बदलून टाका."

उस्तादांकडं वळून.

मी म्हणलं, "सर, दोष मी सांगितला. मला सांगा काय करायचं ते."

ते माझ्याकडं बघून बोलले न्हाईत. मी कॅपा बदलल्या. चारी. ते उभे राहून घड्याळ बघत राहिले. गाडी चालू झाली, एकसारखा आवाज. सर बसले. काच वर केली. माफी बिफी काही न्हाई. मला ती नकोबी होती. मला वाटलं होतं, निदान एक शब्द माझ्याकडं तोंड करून बोलतील. तेवढंबी जमलं न्हाई त्यांना. खरं कळलं म्हणून माणूस बदलतो, असं मला वाटायचं. न्हाई बदलत. कळणं वेगळं.

ती गाडी परत आमच्याकडं आली न्हाई. त्यांच्या ओळखीच्या आणखी दोन येत होत्या, त्याबी बंद झाल्या. टायरवाला आता मला काही विचारत न्हाई, पण माझ्याकडं बघून थुंकतो. मावशी म्हणते, मोठ्या लोकांशी वैर घेतलंस, आता सांभाळ. सांभाळायलेय.

उस्ताद त्या दिवशी सांजपर्यंत माझ्याशी बोलले न्हाईत. शटर ओढताना मी म्हणलं, "उस्ताद, उद्यापासनं गाडी मी पुढंच खोलणार. गिऱ्हाइकाशी मी बोलणार. काम माझं, जबानबी माझी. चालत नसंल तर आत्ता सांगा, मी माझा पाना घेऊन जाते." बाहेरचा खिळा मी दुपारीच पक्कडीनं उपटला होता, ते त्यांनी बघितलेलं होतं.

"सोच के बोल," म्हणले.

"सोचूनच बोलायलेय."

काढलं न्हाई त्यांनी मला. त्यांनाबी माहीत हाय, टोक बघून इंजिनाचं दुखणं सांगणारं दुसरं कुणी ह्या रोडला न्हाई. पण त्यांची भीती गेली न्हाई. मागच्या आठवड्यात बाजारातनं रबरी हातमोजे घेऊन आले. काळे, नवेकोरे. बाकावर ठेवले. म्हणले, "बेटा, ये पहन लिया कर. लोगां का मुँह बंद. तेरा हात किसी चीज को लगेगाच नहीं."

प्रेमानं आणले होते. खोटं कशाला बोलू. मी ते उचलले, परत त्यांच्या हातात दिले.

"प्लग आधी बोटानं बसवावा लागतो, उस्ताद. तुम्हीच शिकवलं. आटा बरोबर लागला का न्हाई ते बोटाला कळतं. मोज्यात न्हाई कळत."

उस्ताद म्हणले, "पतले वाले भी मिलते."

"मोज्यात कळत असतं," मी म्हणलं, "तरी मी घातले नसते."